घर ओढणारं माणूस एकच असेल तर



जून संपत आला की आमच्या नात्यातली दोन-चार मंडळी आपापला फॉर्म १६ घेऊन माझ्याकडे येतात. मी १९८१ साली बी. कॉम. झाले, नोकरी कधी केली नाही. पण दुकानाची खतावणी, घरचा जमाखर्च आणि सगळ्यांची विवरणपत्रं नजरेखालून घालायची सवय अजून सुटलेली नाही. अंतिम काम सीए करतातच, पण त्याआधी 'मामी, एकदा बघून घ्या' असं म्हणणारी माणसं आहेत. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. आपला आयकर माणसाचा पगार पाहतो, वय पाहतो. पण त्या पगारावर घरात कोण कोण जगतं आणि ते घर ओढायला दुसरं कुणी आहे का, हे विचारत नाही. नवऱ्यापासून वेगळी राहून मूल वाढवणारी बाई, बायको गेल्यावर मुलांचं सगळं एकट्याने करणारा बाप, विधवा आई, ही घरं करकायद्याच्या हिशेबात कुठेच नाहीत. ती असायला हवीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हिशेब मांडते, म्हणजे हे भावनेच्या भरात लिहिलेलं नाही हे कळेल.

समजा, नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षासाठी एका घरात नवरा-बायको दोघं नोकरी करतात. प्रत्येकाचा पगार वर्षाला साडेसात लाख. प्रमाणित वजावट ७५,००० रुपये वजा केली की प्रत्येकाचं करपात्र उत्पन्न पावणेसात लाख. बारा लाखांपर्यंत रिबेट असल्यामुळे दोघांचाही कर शून्य. घरात आले १५ लाख, कर गेला काहीच नाही.

शेजारच्या घरात एकटी आई आहे. पगार १५ लाख, सांभाळायला एक मुलगी. प्रमाणित वजावटीनंतर उत्पन्न सव्वाचौदा लाख. पहिले चार लाख करमुक्त, पुढच्या चार लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या चार लाखांवर १० टक्के म्हणजे ४०,०००, उरलेल्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. एकूण ९३,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ९७,५०० रुपये. महिन्याला ८,१२५ रुपये झाले. घरात येणारा पैसा तेवढाच. फरक इतकाच की तो एकाच माणसाच्या कष्टाने आला.

यावर कुणी म्हणेल, नवरा कमावता आणि बायको गृहिणी अशा घरालाही १५ लाखांवर एवढाच कर पडतो. मग एकटीचं वेगळं काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर माझ्यासारख्या गृहिणीनेच दिलं पाहिजे.

आम्ही घरात असतो त्याची किंमत कुणी धरत नाही, पण ती असते. मुलांना शाळेतून आणणं, डबा, आजारपण, अभ्यास, बँकेत जाणं, प्लंबर आला तर दिवसभर घरात थांबणं, हे सगळं आम्ही करतो. त्याचा पगार मिळत नाही आणि त्यावर करही लागत नाही. म्हणजे गृहिणी असलेल्या घरात पगाराशिवाय आणखी एक मिळकत येत असते, जिला सरकार हात लावत नाही. एकट्या आईच्या घरात ती मिळकत नसते. तिला माझं हे काम बाजारातून विकत घ्यावं लागतं, आणि तेही कर भरून उरलेल्या पैशांतून.

माझ्या चुलत नणंदेची लेक पुण्यात नोकरी करते. सहा वर्षांपासून वेगळी राहते, मुलगी अकरा वर्षांची. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत मुलगी पाळणाघरात, त्याचे महिन्याला ७,०००. मुलीचं जेवण सूर्यास्तापूर्वी व्हावं म्हणून स्वयंपाकाच्या मावशी पाचलाच येतात, त्यांचे ४,५००. म्हणजे वर्षाला १,३८,००० रुपये फक्त या दोन गोष्टींचे. हौस-मौज यात काहीच नाही. हा खर्च केला नाही तर तिला नोकरीच करता येणार नाही. दुकानदाराने गुमास्त्याला दिलेला पगार नफ्यातून वजा होतो, कारण त्याच्याशिवाय धंदा चालत नाही. मग ज्या खर्चाशिवाय ही नोकरी करूच शकत नाही, तो खर्च हिशेबात का धरू नये?

आपल्या कायद्याला कुटुंब कळत नाही असंही नाही. हवं तिथे बरोबर कळतं. हिंदू अविभक्त कुटुंब, म्हणजे एचयूएफ, हे करकायद्यात स्वतंत्र करदाते आहे. वारसा आणि विवाहाच्या कायद्यात आपण जैन हिंदू कायद्याखाली येतो, म्हणून आपल्यातल्या कित्येक व्यापारी घरांत एचयूएफचं वेगळं पॅन कार्ड असतं. आमच्याही घरात सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. त्या कुटुंबाला स्वतःची करमुक्त मर्यादा मिळते. त्यात गैर काही नाही. पण ही चौकट वडिलांकडून चालत आलेल्या घराण्याची आणि मालमत्तेची आहे. आई आणि तिचं मूल असं दोघांचं घर त्या चौकटीत बसत नाही. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित काही आहे त्यांच्या कुटुंबाला कायद्याने नाव दिलं. ज्यांच्याकडे फक्त एकमेकांचा आधार आहे त्यांना दिलं नाही.

दुसरं उदाहरण याहून बोलकं आहे. अज्ञान मुलाच्या नावावर आलेलं उत्पन्न, समजा आजीने नातीच्या नावावर ठेवलेल्या ठेवीचं व्याज, आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं. १९६१च्या कायद्यातल्या कलम ६४मध्ये ते लिहिलेलं होतं आणि २०२५च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे. लग्न टिकून असेल तर ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवायचं. आणि लग्न टिकून नसेल तर? तर जो पालक मुलाला सांभाळतो त्याच्या उत्पन्नात. म्हणजे मूल कोण सांभाळतं हे कर लावायच्या वेळी कायद्याला नेमकं ठाऊक असतं. सवलत द्यायची वेळ आली की मात्र तो हा प्रश्न विचारायचं विसरतो. जुन्या प्रणालीत अशा मिळवलेल्या उत्पन्नापैकी दर मुलामागे वर्षाला १,५०० रुपये सूट मिळायची, आणि हा आकडा कित्येक वर्षं हललाच नाही. नव्या प्रणालीत तर तेवढीही नाही.

तिसरी गोष्ट पॅन कार्डाची. डिसेंबर २०१८पासून आई एकल पालक असेल तर अर्जात फक्त आईचं नाव देऊन पॅन कार्ड मिळतं. वडिलांच्या नावाची सक्ती नाही. अर्जातच तसा प्रश्न आहे. म्हणजे 'एकल पालक' हे शब्द आयकर खात्याला माहीत आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत विधुर, घटस्फोटित किंवा अविवाहित एकल पित्यालाही बालसंगोपन रजा मिळते, म्हणजे सरकारने एकल पालकाची व्याख्या करूनही ठेवलेली आहे. नवं काही शोधायचं नाही. आहे तेच कर आकारणीच्या पानावर आणायचं आहे.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं ते थोडं सांगते, कारण आपल्यापैकी अनेकांची मुलं-नातवंडं तिकडे आहेत आणि विवरणपत्रं भरताहेत.

अमेरिकेत १९४८ साली नवरा-बायकोंना एकत्र विवरणपत्र भरून कर कमी करून घेता येऊ लागला. लगेच प्रश्न उभा राहिला की जोडीदार नाही पण पदरात मूल आहे, अशांचं काय? तीनच वर्षांनी, १९५१मध्ये, त्यांनी 'हेड ऑफ हाउसहोल्ड' म्हणजे कुटुंबप्रमुख असा वेगळा वर्ग केला. २०२४ सालासाठी तिथे एकट्या माणसाला १४,६०० डॉलर प्रमाणित वजावट होती, जोडप्याला २९,२०० आणि कुटुंबप्रमुखाला २१,९००. बरोबर मधोमध. घरखर्चाचा निम्म्याहून अधिक भार आपण उचलला पाहिजे आणि मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ आपल्याजवळ राहिलं पाहिजे, अशा अटी आहेत. घटस्फोट झालेला नसला तरी वर्षाचे शेवटचे सहा महिने जोडीदार त्या घरात राहत नसेल, तर इतर अटी पाळून हा दर्जा मिळू शकतो. आपल्याकडे दावे कोर्टात वर्षानुवर्षं पडून असतात. अशा वेळी या अटीचं महत्त्व किती, हे त्यातून गेलेल्या बाईलाच विचारा.

कॅनडात याला 'पात्र अवलंबितासाठीची रक्कम' म्हणता येईल. जोडीदार नसलेल्या किंवा जोडीदारापासून वेगळं राहणाऱ्या माणसाने आपल्या घरात अज्ञान मूल सांभाळलं, तर त्याला ही सवलत मिळते. मूलच असायला हवं असं नाही. आपल्यावर अवलंबून असलेली, आपल्या घरात राहणारी आई, वडील, आजी किंवा आजोबाही चालतात. २०२४ सालासाठी ही रक्कम जास्तीत जास्त १५,७०५ डॉलर होती. तिच्या १५ टक्के, म्हणजे सुमारे २,३५५ डॉलर, संघीय करातून थेट कमी होत. अवलंबिताचं स्वतःचं उत्पन्न असेल तेवढी ही रक्कम घटते. एका घरात एकालाच आणि एकाच अवलंबितासाठी ती घेता येते. नातं बिघडून वेगळं राहायला लागल्याला किमान ९० दिवस झाल्याशिवाय तिथलं करखातं वेगळे झालात असं धरत नाही. आणि जो पालक त्या मुलासाठी कायद्याने खर्ची द्यायला बांधलेला आहे, त्याला साधारणपणे त्याच मुलावर ही सवलत मागता येत नाही.

जर्मनीत एकल पालकाच्या उत्पन्नातून २०२३पासून ४,२६० युरो वजा होतात, आणखी मूल असेल तर दर मुलामागे २४० जास्त. आयर्लंडमध्ये मूल ज्याच्याकडे जास्त राहतं त्याचा पहिला हक्क. पण त्याने तो सोडला आणि मूल दुसऱ्या पालकाकडे वर्षात किमान १०० दिवस राहत असेल, तर त्याला तो घेता येतो. आईवडिलांचं भांडण असलं तरी मुलाचे दिवस मोजून हिशेब ठेवता येतो, हे त्यांनी दाखवलं आहे.

आता पोटगीकडे येऊ. १९८३ साली मुंबई उच्च न्यायालयाने प्रतापगढच्या राजकुमारींच्या खटल्यात सांगितलं की एकरकमी मिळालेली पोटगी हे उत्पन्न नाही, पण दरमहा मिळणारी पोटगी हे करपात्र उत्पन्न आहे. देणाऱ्याला साधारणपणे त्याची वजावट मिळत नाही. म्हणजे तो कर भरून उरलेल्यातून देतो आणि तिच्या हातात आल्यावर पुन्हा त्यावर कर लागू शकतो. नव्या मर्यादेमुळे आज बऱ्याच जणी त्यातून सुटतात, पण नोकरीही करणारी आणि पोटगीही मिळणारी बाई सुटेलच असं नाही. कॅनडात हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. क्यूबेकच्या सुझान थिबोडो यांचं म्हणणं होतं की मुलांच्या खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांवर मी कर का भरायचा? १९९५ मध्ये त्या पाच विरुद्ध दोन मतांनी हरल्या, आणि खंडपीठावरच्या दोन्ही स्त्री न्यायाधीशांचं मत त्यांच्या बाजूने होतं. पण निकालाने विषय संपला नाही. सरकारने कायदाच बदलला, आणि मे १९९७पासूनच्या नव्या करारांत मुलांसाठी मिळणाऱ्या पैशांवर घेणाऱ्याला कर नाही आणि देणाऱ्याला वजावट नाही. मुलाचा पैसा मुलाचा, हे तत्त्व आपल्याकडेही कायद्यात स्वच्छ शब्दांत यायला हवं.

माझ्या या मतावर घरातच तीन आक्षेप आले. ते सांगते.

पहिला, अशी सवलत दिली तर घरं मोडायला उत्तेजन मिळेल. मला हे पटत नाही. लेकरू कडेवर घेऊन कुणी पन्नास हजारांच्या करासाठी सासर सोडत नाही. आणि ही सवलत घटस्फोटितांचीच कशाला? विधवा आहेत, विधुर आहेत, एकट्याने मूल दत्तक घेतलेले आहेत, म्हाताऱ्या आईला सांभाळणारा अविवाहित मुलगा आहे. घर का एकट्याचं झालं याची चौकशी कर खात्याने करू नये. ते एकट्याचं आहे एवढंच पाहावं.

दुसरा आक्षेप, लोक खोटं दाखवतील. दाखवतील काही. खोटी भाड्याची पावतीही लोक लावतच होते. त्याला उपाय अटी: वर्षभर वेगळं राहणं, एका मुलावर एकाच पालकाचा दावा, शाळेचा दाखला, कोर्टाचा आदेश असेल तर तो. दोन पालकांनी एकाच मुलावर दावा केला तर आजच्या संगणकांच्या काळात ते लगेच दिसेल.

तिसरा आक्षेप सगळ्यांत खरा आहे. आपल्या देशात बहुतेक एकट्या आया करपात्र उत्पन्नापर्यंत पोचतच नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१९च्या अहवालात भारतातल्या सुमारे १.३ कोटी घरांचा, म्हणजे ४.५ टक्के घरांचा, भार एकट्या आईवर असल्याचं म्हटलं होतं. त्यांतल्या धुणीभांडी करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या बाईला करसवलत देऊन काय उपयोग? काहीच नाही, हे मान्य. तिच्यासाठी हातात पैसे देणारी योजनाच हवी. महाराष्ट्रात ती आहे: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, दर मुलामागे महिना २,२५० रुपये. पण गरीब आईला मदत आणि मध्यमवर्गीय आईला न्याय, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

मग नेमकं काय हवं? माझी मागणी साधी आहे. जो एकटा प्रौढ माणूस आपल्या घरात अज्ञान मूल, अपंग व्यक्ती किंवा उत्पन्न नसलेले आईवडील सांभाळतो, त्याच्या करातून एक ठरावीक रक्कम थेट वजा व्हावी. उत्पन्नातून नव्हे, करातून. उत्पन्नातून वजावट दिली की ३० टक्के कर भरणाऱ्याचा फायदा ५ टक्केवाल्याच्या सहापट होतो. करातून दिली की सगळ्यांना सारखीच. रिबेट आपल्याकडे अशीच दिली जाते, त्यामुळे रीत नवी नाही. ती बाई-पुरुष दोघांना मिळावी. २०११-१२पर्यंत स्त्रियांना करमुक्त मर्यादा थोडी जास्त होती, नंतर ती गेली. ती परत द्या असं मी म्हणत नाही. ती साडी पाहून दिलेली सवलत होती; मला भार पाहून दिलेली हवी आहे.

आणि हे आत्ताच बोलायला हवं, कारण २०२५च्या अर्थसंकल्पापूर्वी सनदी लेखापालांच्या संस्थेने नवरा-बायकोंना एकत्र विवरणपत्र भरायची मुभा द्यावी असं सुचवलं होतं. उद्या ते मान्य झालं तर गृहिणी असलेल्या माझ्यासारख्या घरांचा कर कमी होईल, त्याचा मला आनंदच आहे. पण एकट्या आईची कुणी आठवण ठेवली नाही, तर ती आजच्याहून मागे पडेल. अमेरिकेला ती चूक सुधारायला तीन वर्षं लागली. आपण ती होऊच देऊ नये.

आपल्या समाजात साधर्मिक भक्तीची मोठी परंपरा आहे. पर्युषणात फंड जमतो, मुलांच्या फिया भरल्या जातात, कुणाच्या घरी गाजावाजा न करता किराणा पोचतो. ते पुण्याचं काम आहे आणि ते चालूच राहावं. पण घेणाऱ्या बाईच्या बाजूनेही एकदा पाहा. नणंदेची लेक मला म्हणाली होती, "मामी, मदत घेताना प्रत्येक वेळी आपली गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते." कायद्याने मिळणाऱ्या सवलतीला गोष्ट सांगावी लागत नाही. फॉर्मवर एक खूण करायची, पुरावा जोडायचा, मान ताठ. दानाने पोट भरतं, हक्काने मानही राहतो. करुणा खरी असेल तर तिने समोरच्याला हात पसरायची वेळच कमीत कमी येईल असं पाहिलं पाहिजे.

अर्थसंकल्पापूर्वी सरकार मायगव्ह संकेतस्थळावर नागरिकांच्या सूचना मागवतं. मी माझी लिहिणार आहे. तुम्हीही दोन ओळी लिहा, मराठीत लिहा. आणि तुमच्या ओळखीत, तुमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंमध्ये कुणी एकटी मूल वाढवत असेल, तर तिला बालसंगोपन योजनेचं सांगा. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी होते. कागद गोळा करायला तिच्याबरोबर एक दुपार द्या. आपल्या गृहिणींकडे दुपार असते, तिच्याकडे नसते.